पंधरा वर्षांची गाडी पासिंगला नेण्याआधी

खासगी गाडीच्या आरसीची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राची, मुदत 15 वर्षांनी संपते. पुढची 5 वर्षं हवी असतील तर फॉर्म 25 भरून गाडी आरटीओत दाखवावी लागते. मुदतीच्या 60 दिवस आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हाच तयारीला लागा. ताडदेव असो की वडाळा, इंजिन ठणठणीत असूनही गाडी अडते ती फुटकळ गोष्टींवर.

आधी चेसिस नंबर शोधा. तो बहुधा बोनेटखाली मागच्या पत्र्यावर नाहीतर पुढच्या सीटखाली कोरलेला असतो, आणि मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत हमखास गंजतो. गंज सोडवणारा स्प्रे मारून दहा मिनिटं थांबा, जुन्या टूथब्रशने घासा, फडक्याने पुसा. ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर लावू नका; आकडे झिजले तर नंबरशी छेडछाड केल्याचा संशय येतो. मग पातळ कागद ठेवून पेन्सिलने छाप काढा आणि आरसीशी एकेक आकडा ताडून बघा.

दिवे दोघांनी मिळून तपासा: एक जण आत, एक मागे. इंडिकेटर भराभर लुकलुकत असेल तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलाय. ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा उलट मंदावला, तर बल्ब बदलून उपयोग नाही. अर्थिंग गंजलंय, तो स्क्रू घासून घट्ट करा. नंबर प्लेटचा दिवा तर सगळेच विसरतात. सोसायटीच्या भिंतीपासून 5 मीटरवर गाडी उभी करा: लो बीमची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण 5 सेंमी खाली पडली पाहिजे.

टायरच्या खाचांत 1.6 मिमी उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात. रबर झिजून त्यांना टेकलं की टायर बाद. ब्रेक ऑइल कमी दिसलं तर नुसतं वर ओतून मोकळे होऊ नका. आधी पॅड बघा, ते झिजले की पातळी उतरते. पॅड ठीक असतील तर गळती शोधा. ऑइल कोणत्या दर्जाचं, डॉट 3 की डॉट 4, हे झाकणावर लिहिलेलं असतं.

काचांवरची काळी फिल्म काढून टाका. सीएनजी असेल तर सिलिंडरच्या हायड्रोटेस्टची (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या तपासणीची) तारीख बघा, ती दर 3 वर्षांनी लागते. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट), विमा आणि थकलेली चलनंही आताच बघून घ्या.

पीयूसी मात्र पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून मगच करा. थंड इंजिनात धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करत नाही, आणि चांगल्या गाडीचंही रीडिंग वर जातं.