पृथ्वीच्या गाभ्यातले आणि खाडीतले प्रवाह : अभ्यासाला सुरुवात कुठून करावी

प्रवाहगतिकी, म्हणजे वाहत्या पदार्थांच्या गतीचे शास्त्र, शिकायला बसलेले बरेच विद्यार्थी थेट नाविए-स्टोक्स समीकरणाला, म्हणजे प्रवाहाच्या गतीच्या मूळ समीकरणाला, भिडतात आणि तिथेच अडकतात. ते समीकरण सगळीकडे लागू असले, तरी त्यातले प्रत्येक पद सगळीकडे सारखे महत्त्वाचे नसते. म्हणून आधी प्रवाहाची लांबी, वेग आणि श्यानता, म्हणजे चिकटपणा, ही तीन मापे कागदावर मांडावीत आणि कोणती पदे गाळता येतात ते ठरवावे.

पृथ्वीचे प्रावरण, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधला थर, घन खडकाचे आहे, तरी लाखो वर्षांच्या हिशेबाने ते वर्षाला काही सेंटीमीटर वाहते. त्याची श्यानता पाण्याच्या सुमारे एकावर २४ शून्ये इतके पट आहे, त्यामुळे तिथे जडत्वाचे पद निःशंक गाळावे. त्याखालचा बाह्य गाभा मात्र २,८९० ते ५,१५० किलोमीटर खोलीवरच्या वितळलेल्या लोखंडाचा असून जवळजवळ पाण्यासारखा पातळ आहे. त्याचा वेग वर्षाला साधारण १५ ते २० किलोमीटर भरतो. या वेगाला लांबी (म्हणजे प्रवाहाचा विस्तार किंवा रुंदी) आणि कोरिऑलिस गुणक (म्हणजे त्या ठिकाणी पृथ्वीच्या फिरण्याचा प्रवाहावर किती परिणाम होतो ते सांगणारे माप) यांच्या गुणाकाराने भागले की रॉस्बी अंक मिळतो. तो एकापेक्षा खूप लहान असला तर परिवलन महत्त्वाचे, खूप मोठा असला तर नगण्य. गाभ्यासाठी तो दहा लाखांत एक-दोन इतका लहान येतो, याचाच अर्थ तिथे पृथ्वीच्या परिवलनाची सत्ता चालते.

हेच गणित १९ अंश अक्षांशावरच्या खाडीसाठी करून पाहावे. तिथे कोरिऑलिस गुणक सेकंदाला ०.००००४७५ आहे. पाचशे मीटर रुंदीच्या मुखातून पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने जात असेल, तर अंक ४२ येतो आणि परिवलन विसरता येते. पण बाहेर खुल्या समुद्रात ५० किलोमीटर रुंदीचा, सेकंदाला ०.३ मीटर वेगाचा प्रवाह घेतला, तर तोच अंक ०.१३ होतो आणि परिवलन पुन्हा हिशेबात धरावे लागते. हे गणित स्वतःच्या हाताने केल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

परिवलनाचा परिणाम डोळ्यांनी पाहायचा असेल, तर संथ फिरणाऱ्या तबकडीच्या मधोमध पाण्याचे पसरट भांडे ठेवावे, पंधरा-वीस मिनिटे पाणी तबकडीबरोबर एकसंध फिरू द्यावे आणि मग शाईचे थेंब सोडून पाणी किंचित हलवावे. न फिरणाऱ्या भांड्यात शाई अस्ताव्यस्त पसरते. इथे तिचे उभे पडदे तयार होतात. बाह्य गाभ्यातले प्रवाहही असेच पृथ्वीच्या अक्षाला समांतर स्तंभांत मांडले जातात, असे मानले जाते.

खाडीत उतरण्याआधी तिथी पाहावी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ (तासांत), हा कोकणातला ठोकताळा आहे. कृष्ण पक्षात मोजणी पुन्हा एकपासून सुरू करावी. चंद्रामुळे भरती सरासरी दर तिथीला ४८ मिनिटे पुढे सरकत असल्याने ०.८ ने गुणणे अधिक नेमके. उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) या दोन्ही वेळी मोजमाप घ्यावे. तीनचतुर्थांश पाण्याने भरलेली बाटली बूच लावून सोडावी, म्हणजे ती बहुतेक बुडालेली राहते आणि वारा तिला ढकलत नाही. ठरावीक दोन खुणांमधले अंतर कापायला लागलेली वेळ नोंदवावी. तळाचे पाणी आणण्यासाठी दगड बांधलेली बाटली खाली सोडून दुसऱ्या दोरीने तिचे बूच ओढावे. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्याच्या १.०२५ पटीच्या आसपास असल्याने दुधाचा लॅक्टोमीटरसुद्धा इथे कामाला येतो. पावसाळ्यानंतर तळाचे पाणी वरच्यापेक्षा जड भरले, तर गोड्या पाण्याखालून खारे पाणी आत शिरत आहे असे समजावे. माहीतगार होडीवाल्याशिवाय पाण्यात जाऊ नये.

गाभ्यात बाटली सोडता येत नाही. तिथला प्रवाह चुंबकीय क्षेत्राच्या बदलांवरून ओळखावा लागतो. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार आणि त्यांच्या विजेने तिथल्या चुंबकीय नोंदी बिघडणार म्हणून १९०४ साली अलिबागला चुंबकीय वेधशाळा सुरू झाली आणि तेव्हापासूनच्या तिथल्या नोंदी या कामी येतात. रोजचे चढउतार मुख्यतः वरच्या वातावरणातल्या विद्युत्प्रवाहांचे असतात, म्हणून वार्षिक सरासरी घ्यावी, लागोपाठच्या वर्षांतला फरक काढावा आणि त्याचा आलेख काढून उतार कुठे अचानक बदलतो ते पाहावे; गाभ्यातला प्रवाह बदलल्याची खूण तिथे शोधावी.