क्रूझच्या सुट्टीत स्कूबाचं सर्टिफिकेट कसं काढायचं (मुंबईहून निघणाऱ्यांसाठी)

क्रूझ बुक झाली की हौशी मंडळींचा पहिला प्रश्न हाच, की तिथे जाऊन स्कूबाचा कोर्स होईल का? होतो, पण अर्ध्याहून जास्त कोर्स मुंबईतच उरकून गेलात तर. जहाजावर चढून शून्यापासून सुरुवात केलीत तर बाकीचं घर वरच्या डेकवर पत्ते कुटत बसणार आणि तुम्ही केबिनमध्ये मोबाईलवर परीक्षेचे प्रश्न सोडवत बसणार.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या. मालवण-तारकर्लीला आपण सगळे जी स्कूबा करून येतो, म्हणजे इन्स्ट्रक्टर मागून धरून खाली नेतो आणि व्हिडिओ पेनड्राइव्हवर मिळतो, ती नुसती चव बघायची असते, त्यातून लायसन्स-बियसन्स काही मिळत नाही. आपल्याला हवं ते ओपन वॉटर डायव्हर नावाचं सर्टिफिकेट, पॅडीचं (PADI) किंवा एसएसआयचं (SSI), या स्कूबा शिकवून सर्टिफिकेट देणाऱ्या जागतिक संस्था. ते हातात असलं की बडीबरोबर, म्हणजे जोडीदार डायव्हरबरोबर, १८ मीटरपर्यंत जगात कुठेही डाइव्ह करता येते आणि ते एक्स्पायर होत नाही.

कोर्सचे तीन तुकडे असतात: थिअरी, स्विमिंग पूल आणि समुद्र. थिअरी ऑनलाइन होते, लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर रोज बोरिवली ते चर्चगेट करता करतासुद्धा संपेल. पूलचे पाच सेशन असतात, ते दोन-तीन वीकेंडमध्ये बसवता येतात. समुद्रातल्या चार डाइव्ह राहतात, त्यासाठी मुंबईचं गढूळ पाणी कामाचं नाही, त्या क्रूझवर करायच्या. या पद्धतीला रेफरल म्हणतात. मुंबईतला इन्स्ट्रक्टर थिअरी आणि पूल झाल्याचा फॉर्म सही करून देतो, तो पॅडीमध्ये १२ महिने चालतो, आणि तेवढ्यात दुसरीकडचा इन्स्ट्रक्टर समुद्राचा भाग पूर्ण करून सर्टिफिकेट देतो. पैसे भरायच्या आधी विचारा की फीमध्ये नेमकं काय काय आलं, कारण ऑनलाइन थिअरी, पूल आणि समुद्र यांचे पैसे बऱ्याचदा वेगवेगळे लागतात आणि मग एकूण आकडा बघून डोळे पांढरे होतात.

आता क्रूझ निवडताना. पॅडीच्या नियमाने एका दिवसात ट्रेनिंगच्या तीनच डाइव्ह घेता येतात, म्हणजे चार डाइव्हना कमीत कमी दोन दिवस आलेच. म्हणून ज्या क्रूझमध्ये डाइव्हिंग होतं अशी दोन तरी बंदरं आहेत, किंवा एकाच ठिकाणी जहाज दोन दिवस थांबतं, तीच घ्या. मुंबईहून सुटणाऱ्या गोवा-लक्षद्वीपच्या छोट्या ट्रिपमध्ये हे गणित जमणं अवघड, कारण किनाऱ्यावर मिळतो जेमतेम एखादा दिवस. तेवढ्यात पॅडी स्कूबा डायव्हर नावाची खालची पायरी होऊ शकते, तिला समुद्रात दोनच डाइव्ह लागतात, पण १२ मीटरची मर्यादा आणि सोबत कायम प्रोफेशनल हवा. माझं स्पष्ट मत, त्यापेक्षा थोडं थांबा आणि पूर्ण करा. कॅरिबियनला जाणार असाल तर काम सोपं, कोझुमेल आणि ग्रँड केमन ही तर डायव्हर लोकांची बंदरं, रीफ (प्रवाळाचे खडक) बंदरापासून जवळ. रॉयल कॅरिबियनच्या काही मोठ्या जहाजांवर तर पॅडीचा कोर्सच चालतो, पूल जहाजावर आणि डाइव्ह पोर्टवर. सिंगापूरहून फुकेतला जाणारी क्रूझ आपल्याकडे फार चालते, पण तिथल्या चांगल्या जागा बोटीने लांब आहेत, आणि फुकेतला जहाज किती तास थांबतं ते बघितल्याशिवाय काहीही बुक करू नका.

बंदरातल्या डाइव्ह सेंटरला महिनाभर आधी मेल टाका. तीन गोष्टी विचारा: आमचा रेफरल चालेल का, दोन बंदरांत दोन वेगळी सेंटर असतील तर पहिल्या दोन डाइव्हचा कागद पुढच्याला चालतो का, आणि आम्हाला किती वाजता परत धक्क्यावर सोडणार. जहाजाचं घड्याळ आणि गावाचं घड्याळ कधीकधी वेगळं असतं. परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाने धरायची, आणि स्वतःहून बाहेर बुकिंग केलं असेल तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही, सरळ निघून जातं.

मेडिकल फॉर्मकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तिथेच सगळं अडतं. दमा, हार्टचा त्रास, कानाचं ऑपरेशन, बीपी असे प्रश्न असतात. त्यातल्या काही प्रश्नांना हो आलं की डॉक्टरची सही लागते, आणि ती बंदरावर सकाळी आठ वाजता कोण देणार? इन्स्ट्रक्टर सरळ नाही म्हणेल आणि त्याचं बरोबरच आहे. सही मुंबईतूनच घेऊन जा. खोटं लिहू नका, दम्याची भानगड पाण्याखाली जिवावर बेतू शकते.

पोहण्याची टेस्ट म्हणजे २०० मीटर न थांबता पोहणं, वेळेचं बंधन नाही, किंवा मास्क, फिन्स (पायातले पंख) आणि स्नॉर्कल (तोंडात धरायची श्वासाची नळी) लावून ३००, आणि १० मिनिटं तरंगत राहणं. दादरच्या महात्मा गांधी तलावात किंवा जवळच्या कुठल्याही तलावात महिनाभर जाऊन दम वाढवा.

पूलमध्ये सगळ्यात जास्त लोक घाबरतात ते मास्कमध्ये पाणी घेऊन ते बाहेर काढायला. पाणी नाकाला लागलं की सवयीने नाकानेच श्वास घेतला जातो, ठसका लागतो आणि माणूस वर पळतो. याची तयारी अशी करा: कमरेएवढ्या पाण्यात उभं राहा, मास्क न लावता स्नॉर्कल तोंडात धरा, चेहरा पाण्यात घाला आणि फक्त तोंडाने श्वास घेत राहा, नाक उघडंच ठेवून. पहिला अर्धा मिनिट विचित्र वाटतं, मग डोकं शांत होतं. हे जमलं की मास्कची वरची कड कपाळाला दाबायची, मान थोडी वर करायची आणि नाकाने हळू फुंकायचं, पाणी खालून निघून जातं. जाड मिशी असेल तर मास्क गळत राहतो, मिशी कापायची नसेल तर पाणी काढायचा सराव दुप्पट करा. चष्मेवाल्यांनी नंबरच्या मास्कबद्दल आधी विचारून ठेवा.

कानाचं पण तसंच. १० मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो, म्हणून खाली उतरायला लागल्यापासूनच नाक दाबून हलकं फुंकत राहायचं, दुखायची वाट बघायची नाही. दुखलंच तर थोडं वर या. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी डाइव्ह कॅन्सल, गोळी घेऊन उतरायचं नाही. आणि पाठीवरच्या सिलिंडरला सगळे ऑक्सिजन सिलिंडर म्हणतात, पण त्यात दाबून भरलेली साधी हवा असते. वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम, कारण दाब कमी झाला की फुप्फुसातली हवा फुगते.

जहाज लागत असेल, तर घाटात एसटी लागणाऱ्यांची एव्होमिन झोप आणते आणि झोपाळू डोक्याने डाइव्ह नको, डॉक्टरला विचारून दुसरं काही घ्या. आदल्या रात्री दारू नको, फुकटचं ड्रिंक्स पॅकेज असलं तरी.

शेवटच्या पोर्टला डाइव्ह ठेवताना परतीचं विमान बघा. एकापेक्षा जास्त डाइव्ह झाल्या असतील तर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास जायला हवेत, म्हणजे दुपारी २ ला पाण्याबाहेर आलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी ८ च्या आधीचं विमान चालणार नाही. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्कूबा धरलंय का तेही वाचा, बऱ्याच पॉलिसीत ते वगळलेलं असतं.

चौथी डाइव्ह झाली की बोटीवरच लॉगबुकमध्ये (डाइव्हच्या नोंदवहीत) इन्स्ट्रक्टरची सही घ्या आणि रेफरलच्या सगळ्या कागदांचे फोटो काढून ठेवा, कारण एकदा जहाज निघालं की त्या सेंटरला फोन लावत बसावं लागतं. सर्टिफिकेटचं कार्ड मोबाईलवर येतं.