बीपी आटोक्यात येत नाही? आधी या चुका टाळा

गोळी वेळेवर, ताटात वरून मीठ नाही, तरी बीपी १५०/९५ च्या खाली उतरत नाही. अशा घरांत बहुतेक वेळा घोळ मोजण्यात असतो: मिठाच्या आणि बीपीच्याही.

वरचं मीठ हा लहान वाटा. खरं मीठ जातं ते आमटी, खर्डा, सांडगी मिरची, लोणचं आणि पापडातून. पापडखारातही सोडियम असतंच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा. अंदाजावर जाऊ नका. स्वयंपाकाची १ किलोची पुडी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. चार मोठ्या माणसांत ती ५० दिवस पुरली तर माणशी ५ ग्रॅम पडलं. २५ दिवसांत संपली तर १० ग्रॅम, आणि विकतचं फरसाण त्यावर वेगळं. लोणच्याला दुसरी पुडी वापरा, नाहीतर हिशेब चुकतो. मीठ एकदम तोडलं की घरचे कुरकुरतात आणि आठवड्यात जुनी सवय परत येते. थोडं थोडं कमी करा, जीभ काही आठवड्यांत सरावते. खर्ड्यात मीठ निम्मं करून लसूण आणि लिंबू वाढवा. भाकरीला मीठ लागत नाही, मग चपातीच्या कणकेत तरी कशाला?

सैंधव म्हणजेही सोडियम क्लोराइडच, त्यामुळे ते वापरून सुटका नाही. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टान, लोसार्टान, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका.

निपाणी-चिकोडीकडे सकाळी मिश्री लावायची सवय अजून आहे. मिश्री, तंबाखू किंवा चहा झाल्यावर लगेच बीपी मोजलं तर आकडा फुगतो. अर्धा तास आधी यातलं काही नको. लघवीला जाऊन या, पाठ टेकवून, पाय जमिनीवर सपाट ठेवून ५ मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर. ब्लाउजची बाही वर सरकवून दंडाला काचत असेल तर तीही काढा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. दंड जाड आणि पट्टा लहान असला तरी आकडा जास्तच येतो.

रविवारी राजहंसगड चढला म्हणून आठवड्याचा व्यायाम भरत नाही. आठवड्यातले ५ दिवस, रोज ३० मिनिटं झपझप चाला: बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. १०-१० मिनिटांचे तीन तुकडे चालतील. पोतं किंवा घागर उचलताना श्वास कोंडू नका, त्या क्षणी बीपी उसळतं. आकडा १८०/११० च्या वर असेल त्या दिवशी व्यायाम नको, डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं यांपैकी काही असेल तर तडक दवाखाना.

गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी गोळीही बीपी चढवते. डॉक्टरांकडे जाताना तिचं पाकीट बरोबर न्या.