जुन्या कापडाची पिशवी शिवायला बसण्याआधी

मी विकलेली पहिलीच पिशवी पंधरा दिवसांत परत आली. शेजारच्या काकूंनी घेतली होती. नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून कांदे-बटाटे भरून येताना वाटेतच तिचा बंद सुटला. पिशवी उलटून पाहिली तर दोरा शाबूत, एकही टाका उसवलेला नाही. फाटलं होतं ते टाक्यांशेजारचं कापड, सरळ रेघेत, पोस्टाचं तिकीट फाडावं तसं. जुन्या सुती साडीवर मी मजबुतीसाठी म्हणून बारीक टीप मारली होती. सुईनं इतकी जवळजवळ भोकं पाडली की ओझं आल्यावर साडीनं तिथेच जीव सोडला.

काकूंना दुसरी पिशवी शिवून दिली आणि कापड पारखायला शिकले. या कामात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकीला मी मशीनच्या आधी हेच सांगते.

कापड धुऊन वाळवलं की उजेडासमोर धरा. जिथून खिडकीचे गज दिसतात, तो भाग बाजूला काढा. मग दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून आडवं-उभं ताणा. चर्र आवाज आला तर त्या कापडाची पिशवी होणार नाही, फार तर गोधडीत जाईल. साडी निऱ्यांच्या खालच्या काठाला विरलेली असते आणि रेशमी साडी वर्षानुवर्षांच्या घडीवर. जीन्स गुडघ्याला आणि मांड्यांच्या आतून जाते, पण पोटरीमागचं कापड जवळजवळ नवं निघतं. मी बंद नेहमी तिथूनच कापते. शिंप्याकडच्या कातरणाचा मोठा फायदा असा की ते न वापरलेलं असतं. फक्त तुकडे लहान, म्हणून ते पाऊचला बरे.

जुन्या साडीला आतून मांजरपाटाचं, म्हणजे जाड्याभरड्या कोऱ्या सुती कापडाचं, अस्तर द्याच. टीप मोठी ठेवा, इंचाला ८-९ टाके पुरेत. साडीला १४ नंबरची सुई, साध्या जीन्सला १६ आणि जाड जीन्सला १८. बंद जोडताना आतल्या बाजूला जीन्सचा दोन इंची तुकडा ठेवा, चौकोनात टीप मारा आणि चौकोनात फुली. वजन मग एका रेघेवर न येता सगळ्या चौकोनावर वाटलं जातं. जीन्सचे चार-सहा थर एकत्र येतात तिथे शिवण हातोडीनं ठोकून चपटी करा आणि मशीनचं चाक हातानं फिरवा. पायडल जोरात मारलं तर सुई तुटतेच.

बाजाराच्या पिशवीचं माझं माप शिवून झाल्यावर १५ बाय १६ इंच असतं, बंद २४ इंचांचे. तळाचे कोपरे त्रिकोणात धरून ४ इंचांची आडवी टीप मारली की पिशवीला बूड येतं आणि ती ओट्यावर उभी राहते. पाऊचला चेन मीटरवर घ्या, ५ नंबरची. बाजूच्या शिवणी मारण्याआधी चेन अर्धी उघडी ठेवायला विसरू नका. विसरलात तर पाऊच सुलट करायला तोंडच राहत नाही, शिवण उसवावी लागते.

मशीन अजिबात येत नसेल तर आयटीआयमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा ट्रेड असतो. विक्री सुरू केलीत की उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. सरकारी संकेतस्थळावर ती मोफत आहे, तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली तेव्हापासून कापडी पिशवीबद्दल कुणाला समजावत बसावं लागत नाही. पण दर ठरवताना जुनं कापड फुकट आलं म्हणून पिशवी स्वस्त लावू नका. उसवणं, धुणं, पारखणं यात शिवण्याहून जास्त वेळ जातो आणि तो तुमचाच असतो.

काही जणी स्वतःचं कापड घेऊन येतात, तेव्हा कात्री लावण्याआधी ते पूर्ण उलगडून दाखवा आणि काय राखायचं ते विचारा. सिडकोतल्या एका ताईंनी आईचं इरकली लुगडं आणलं. मी काठ वाचवण्याच्या विचारात होते. त्यांनी पदराजवळच्या नखाएवढ्या रफूवर बोट ठेवलं. तो आईच्या हातचा होता. कापड तिथेच सगळ्यात कमजोर होतं, म्हणून मागून मांजरपाटाचे दोन थर लावले, रफूला सुई लागू न देता चहूकडून टीप मारली आणि तो पाऊचच्या दर्शनी बाजूला घेतला.