स्टेटमेंटवरचं ‘मिनिमम पेमेंट ड्यू’: अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

इथे पहिलं क्रेडिट कार्ड मिळालं की महिन्याभरात स्टेटमेंट येतं आणि त्यावर किंवा बँकेच्या ॲपवर तीन आकडे दिसतात: स्टेटमेंट बॅलन्स (स्टेटमेंट निघालं त्या दिवशीची एकूण बाकी), करंट बॅलन्स (आजची बाकी) आणि मिनिमम पेमेंट ड्यू (किमान भरायची रक्कम). तिसरा बहुधा सगळ्यांत लहान. तेवढे भरले की बिल फिटलं, असं नव्याने आलेल्या पुष्कळांना वाटतं. तसं नाही. तेवढे वेळेत भरलेत तर लेट फी लागत नाही आणि तुमचं नाव थकबाकीदारांत जात नाही, इतकंच. उरलेली रक्कम तुमच्या डोक्यावर कर्ज म्हणून राहते आणि तिच्यावर रोजच्या रोज व्याज चढतं.

हिशेब मांडून पाहा. कार्डावर ३,००० डॉलर थकले आहेत आणि एपीआर (व्याजाचा वार्षिक दर) २४ टक्के आहे, तर महिन्याचं व्याज साधारण ६० डॉलर. बऱ्याच बँका थकलेल्या रकमेचा १ टक्का अधिक व्याज असं मिनिमम काढतात, म्हणजे सुमारे ९० डॉलर. त्यातले ६० व्याजात गेले, मुद्दल कमी झालं फक्त ३० डॉलरने! २००९च्या कार्ड ॲक्ट या कायद्यामुळे स्टेटमेंटवर इशाऱ्याची एक चौकट छापावी लागते. फक्त मिनिमम भरत राहिलात तर कर्ज फिटायला किती काळ लागेल आणि एकूण किती पैसे जातील, ते तिथे लिहिलेलं असतं. ती चौकट एकदा तरी नीट वाचाच.

याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट ग्रेस पीरियडची. स्टेटमेंट बॅलन्स पूर्ण भरत गेलात तर नव्या खरेदीवर ड्यू डेटपर्यंत व्याज लागत नाही. बाकी मागे ठेवलीत की ही सवलत सहसा जाते आणि पुढची खरेदी, अगदी किराणासुद्धा, पहिल्या दिवसापासून व्याजात धरली जाते. नंतर सगळं फेडलंत तरी पुढच्या स्टेटमेंटवर थोडं व्याज दिसू शकतं. ते मधल्या दिवसांचं असतं.

म्हणून ऑटोपे (खात्यातून आपोआप बिल भरण्याची सोय) लावताना कोणता पर्याय निवडलाय ते तपासा. मिनिमम नको, स्टेटमेंट बॅलन्स निवडा. करंट बॅलन्समध्ये स्टेटमेंटनंतरची खरेदीही असते, ती लगेच भरायची सक्ती नाही. खात्यात तेवढे पैसे आहेत ना, हे मात्र आधी बघून ठेवा.

‘थोडी बाकी ठेव, स्कोअर वाढतो’ असा सल्ला क्रेडिट स्कोअरबद्दल (तुम्ही कर्ज किती नीट फेडता ते दाखवणारा आकडा) तुम्हाला ओळखीतलं कुणीतरी नक्की देईल. चांगल्या मनाने देईल, पण तो चुकीचा आहे. स्कोअरसाठी कार्ड वापरणं आणि वेळेवर भरणं पुरेसं आहे, व्याज भरण्याची काही गरज नाही.

मग मिनिममचा उपयोग कधी? नोकरी गेली, घराचं डिपॉझिट एकदम भरावं लागलं, अशा महिन्यात. तेव्हा तेवढी रक्कम काहीही करून वेळेत भरा. हप्ता ३० दिवसांहून जास्त चुकला तर ती नोंद क्रेडिट ब्युरोकडे (लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे) जाऊ शकते आणि तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर ७ वर्षं राहू शकते. तेवढेही जमणार नसतील तर ड्यू डेटच्या आधीच कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करा आणि ‘हार्डशिप प्रोग्राम’ आहे का ते विचारा. संकोच करू नका. काही बँका ठरावीक काळासाठी व्याज किंवा हप्ता कमी करून देतात.