सुपरहिरो कॉमिक्स घेण्यापूर्वी चित्र आणि कथा वेगवेगळी कशी पारखावी

सुपरहिरोंची महागडी इंग्रजी कॉमिक्स सोलापुरातले वाचक बहुधा ऑनलाइन मागवतात किंवा हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघालेल्या कोणाला तरी आणायला सांगतात. म्हणूनच मुखपृष्ठावर भाळण्याआधी नमुन्यादाखल मिळणारी चार पाने नीट तपासावीत. देखणे चित्र काढणे आणि चित्रातून गोष्ट सांगणे ही दोन निराळी कौशल्ये आहेत.

प्रथम संवादांचे फुगे न वाचता केवळ चौकटी पाहाव्यात. कोण कोठे उभा आहे, त्याला काय हवे आहे आणि पान संपेपर्यंत काय बदलले, हे समजले पाहिजे. या परीक्षेसाठी हाणामारीचे पान निवडावे, कारण लबाडी तेथेच उघडी पडते: डावीकडचा खलनायक पुढच्या चौकटीत विनाकारण उजवीकडे जातो, इमारती नाहीशा होऊन त्यांच्या जागी नुसत्या वेगरेषा येतात आणि ठोसा कोणी कोणाला मारला हे फुगा वाचल्याशिवाय उमगत नाही. असे पान, त्यातील स्नायू कितीही रेखीव असले, तरी कथनात नापास समजावे. खात्री करायची असेल तर इंग्रजी न वाचणाऱ्या माणसाला ते दाखवावे. तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या शेजारच्या आजींना लढाईचा क्रम बिनचूक सांगता आला, तर चित्रकाराला आपले काम येते.

त्यानंतर पूर्णपान चित्रे मोजावीत. अमेरिकी मासिक अंकात कथेची साधारण 20 ते 22 पाने असतात. त्यांतली पाच-सहा नायकाच्या पवित्र्यांवरच खर्च झाली, तर कथेला जागा उरत नाही. ताण वाढत जाऊन मोठे चित्र आले तर ते अंगावर येते, एरवी ते भिंतीवर लावायचे पोस्टर असते.

दोष मात्र एकट्या चित्रकाराच्या माथी मारू नये. मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशन संस्थेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘मार्व्हल पद्धती’त आधी कथेचा आराखडा ठरतो, मग पाने काढली जातात आणि संवाद शेवटी लिहिले जातात, त्यामुळे चित्रात राहिलेली भोके संवादांनी बुजवावी लागतात. 1991 मध्ये ‘एक्स-मेन’च्या नव्या मालिकेचा पहिला अंक पाच मुखपृष्ठांसह आला आणि त्याच्या 80 लाखांहून अधिक प्रती खपल्या, चित्रकाराच्या नावावर अंक विकला जाण्याचा तो काळ होता. पुढच्याच वर्षी मार्व्हलमधील लोकप्रिय चित्रकारांनी इमेज कॉमिक्स ही स्वतःची प्रकाशन संस्था स्थापन केली. त्यांपैकी टॉड मॅकफार्लेन यांनी 1993 मध्ये आपल्या ‘स्पॉन’ या मालिकेच्या काही अंकांसाठी ॲलन मूर, नील गेमन, डेव्ह सिम आणि फ्रँक मिलर या लेखकांना पाचारण केले, हे मला पुरेसे बोलके वाटते.

चित्रे आवडली आणि कथा पडली, तर तो अंक चित्रसंग्रह म्हणून जुन्या बाजारात कमी किमतीत मिळाल्यास अवश्य घ्यावा. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना शाईकामाच्या सरावासाठी तो उत्तम असतो. फक्त त्या मालिकेच्या पुढच्या खंडांची आगाऊ नोंदणी करू नये.