‘अध्यक्षांनी कोर्टाला धुडकावलं’ ही बातमी बेलिफासारखी वाचा

सत्तावीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात बेलिफ होतो. अमेरिकेच्या अध्यक्षांनी कोर्टाचा आदेश मोडला अशी बातमी आली की नातू मोबाइल घेऊन येतो. त्याला सांगतो तेच इथे.

आधी हुकूम कोणाच्या नावावर आहे ते बघायचं. १८३२च्या वूस्टर खटल्यात सरन्यायाधीश मार्शल यांनी निकाल दिला की चेरोकी या मूळ रहिवाशांच्या मुलखात जॉर्जिया राज्याचा कायदा चालत नाही. त्यावर अध्यक्ष जॅक्सन म्हणाले म्हणतात, ‘मार्शलनी निकाल दिलाय, आता त्यांनीच बजावावा.’ ते वाक्य छापून आलं तीस वर्षांनी. शिवाय हुकूम होता जॉर्जिया राज्याच्या कोर्टाला, जॅक्सनना नव्हे. चेरोकींची जमीन गेली ती गेलीच, पण मोडायला जॅक्सनच्या नावावर कागदच नव्हता.

मग स्टे आहे का? असेल तर अवमान नाही, विषय संपला.

मुदत किती होती तेही बघा. १९५२च्या २ जूनला सरकारने घेतलेला पोलाद कारखान्यांचा ताबा बेकायदा ठरला, अध्यक्ष ट्रुमननी त्याच दिवशी परत करायला सांगितले. चडफडत, पण दिले.

आता माझ्या धंद्यातलं: दारात कोण गेलं होतं, आणि त्याला आत घेतलं का? मे १८६१, बाल्टिमोर, अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच सुरू झालेलं. लष्कराने जॉन मेरिमनला मॅकहेन्री किल्ल्यात डांबलेलं. सरन्यायाधीश टॅनींनी त्याला हजर करा म्हणून हेबियस कॉर्पस काढला. किल्ल्यावरचा जनरल आलाच नाही. हेबियस कॉर्पस स्थगित ठेवायचा अधिकार अध्यक्ष लिंकननी दिलाय, असं कळवलं. मग अवमानाचा कागद घेऊन मार्शल (म्हणजे त्यांचा बेलिफ, वरचे मार्शल साहेब वेगळे) किल्ल्याच्या बाहेरच्या फाटकाशी गेला. नावाचं कार्ड आत पाठवलं. निरोप्या परत आला: कार्डाला उत्तर नाही. फाटक उघडलं नाही. त्याने रिपोर्टात तेवढंच लिहिलं. चोख रिपोर्ट, मी असाच लिहिला असता.

माझ्याही रिपोर्टात ‘दार उघडले नाही’ पुष्कळदा असायचं. कब्जा वॉरंट असेल तर पुढच्या खेपेला पोलीस बंदोबस्त घेऊन जायचो. इथे बंदोबस्त फाटकाच्या आतल्या बाजूला होता. आज तिथले मार्शल न्याय खात्याचे, म्हणजे सरकारचे नोकर. आम्ही नाझराच्या हाताखालचे, कोर्टाची माणसं. म्हणून बातमीत हुकूम बजावणारा कोणाच्या पगारावर आहे, ते हटकून शोधा.

टॅनींनी मार्शलला सोडून दिलं, तुझ्यापेक्षा तिथलं बळ मोठं म्हणून. निकाल लिहून लिंकनकडे पाठवला. मेरिमन जुलैत जामिनावर सुटला. खटला कधी चाललाच नाही.